विहिरीचा दोर

मीठ, घासलेट, काड्यापेटी आणि वर्षातून एकदा अंगावरचं कापड. आमच्या घरात विकत यायचं ते एवढंच. बाकी सगळं घरचं. माझा बा हे आल्यागेल्याला ओटीवर बसवून सांगायचा आणि ऐकणारा मान डोलवायचा. मी आत चुलीपाशी बसून ऐकायचे. एकदा या पाहुण्याला मागच्या दारी न्यावं आणि माझ्या आयचे तळहात दाखवावेत, असं मला फार वाटायचं. विकत काही न आणल्याचं नाव बाचं व्हायचं. घट्टे आयला पडायचे.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. आमचं गाव भिवंडीजवळच्या वडप्याच्या आतल्या अंगाला. आता तिकडे गोदामांचे पत्रे दिसतात, तेव्हा भाताची खाचरं होती आणि हायवेवरच्या ट्रकचा आवाज फक्त वारा तिकडून आला तरच ऐकू यायचा. भात कापून झालं की त्याच ओलीवर वाल पेरायचे. माघ संपत आला की पहाटे दव असतानाच वाल उपटायला जायचं, कारण ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि दाणा मातीत जातो. बा म्हणायचा, मातीत गेलेला दाणा म्हणजे दारातून गेलेली भाकर. म्हणून आम्ही सांडलेले दाणे चिमणीसारखे टिपत बसायचो. खळ्यावर झोडपलेल्या वालाचा भुसा गुरांना, देठ चुलीला आणि दाणे राखेत घोळून मडक्यात. दिव्याला करंजाचं तेल, भाजीला मोहाच्या बियांचं, डोक्याला शिकेकाई, भांड्यांना चुलीतली राख. सुकी मासळीसुद्धा विकत घ्यायची नाही. खाडीकडची कोळीण टोपली घेऊन ओटीपाशी यायची आणि भाताच्या बदल्यात सुकट-बोंबील द्यायची. बा माप घालताना पायलीत भात सैल टाकायचा आणि ती पायली हलवून हलवून आणखी मागायची. दोघं तासभर भांडायचे आणि शेवटी दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटायचं. मी शाळेत चौथीपर्यंत गेले. त्यानंतरचं माझं शिक्षण त्या दोघांच्या मधे, जमिनीवर बसून झालं.

वाल निघाले की बा दोर वळायला बसायचा. बांधावर अंबाडी लावलेली असायची. ती वहाळात भिजत घालून, सोलून, धुऊन तिचा वाख, म्हणजे धागा, काढायचा. एक टोक खुंट्याला, तीन पेड ताणून धरायचे आणि पीळ देत मागे मागे सरकायचं. एका माणसानं पीळ द्यायचा, दुसऱ्यानं ताण धरायचा. ताण धरायला मी. बाचा हात चांगला होता, हे मी नाकारत नाही. त्यानं वळलेला दोर आतड्यासारखा गच्च असायचा. गुरांची दावी, बैलांचे कासरे, विहिरीच्या पोहऱ्याचा दोर, शिंकी, सगळं तो याच दिवसांत करून ठेवायचा. आणि दोराबाबत त्याचा एक नियम होता, जो आमच्या सगळ्या गावाचाच होता. जनावर विका, द्या, काहीही करा, पण दावं द्यायचं नाही. नेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं, ते गळ्यात बांधायचं, मग आपलं सोडून घ्यायचं आणि गोठ्यातल्या खुंटीला टांगायचं. दाव्याबरोबर गोठ्याची लक्ष्मी जाते. कोणी शेजारीसुद्धा अशा वेळी दोर उसना देत नसे.

आता माझ्या म्हशीबद्दल सांगते. तिला मी माझी म्हणते आणि मरेपर्यंत म्हणेन.

शाळा सुटली त्या वर्षी मी आयबरोबर कोन गावाच्या रस्त्यावरच्या एका तबेल्यात गवताचे भारे टाकायला जायचे. तबेल्याचा मालक भैया होता, पोटाला चामड्याचा पट्टा बांधून खाटेवर बसलेला असायचा. एकदा त्याच्या उकिरड्याशेजारी म्हशीची एक पारडी पडलेली दिसली, वर एक पोतं टाकलेलं. आई आटलेली, अंगावर गोचिड्या, डोळ्यांवर माश्या. तबेल्यात असल्या पारड्यांना कोण दूध पाजतो. मी म्हटलं, ही मला द्या. तो हसला आणि म्हणाला, “ले जा, रास्ते में मर जाएगी.” मी म्हटलं, मेली तर तुमचं काही जात नाही, जगली तर या हंगामात मी भाऱ्याला मूठ मूठ गवत जास्त बांधीन. तो म्हणाला, दोन मुठी. मी म्हटलं, मग तिच्या अंगावरचं पोतंही द्या. पोतं मिळालं.

तिला मी उचलून, मधे मधे चालवून घरी आणलं. बा म्हणाला, मरायला आणलेलं जनावर माझ्या गोठ्यात नको. मी तिला पेंढ्याच्या माचाखाली बांधलं. वाटीनं पेज पाजली. गोचिड्या काढून राखेत टाकल्या. बांधावरचं गवत बैलांचं, म्हणून तिच्यासाठी मी वहाळाच्या पलीकडून कापून आणायचे. पावसाळ्यात तिला हागवण लागली तेव्हा डाळिंबाच्या साली कुठून कुठून मागून आणल्या. ती जगली. मोठी झाली. काळी कुळकुळीत, एका कानाला चीर पडलेली. मी लांबून “ह्यॉ, ह्यॉ” अशी दोनदा हाक मारली की डबक्यातून उठून यायची. दुसऱ्या कोणाच्या हाकेला मान वळवायची नाही. ती अंगानं भरली तसा बानं तिला आपणहून गोठ्यात घेतली, स्वतः नवा खुंटा ठोकला. मला तेव्हा आनंद झाला. मला कळायला हवं होतं, की बानं खुंटा फुकट ठोकला नव्हता.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या माघात ती पहिलारू गाभण होती आणि कास दिसायला लागली होती. मी सगळा बेत आखला होता. भिवंडीत धामणकर नाक्यावर एक चहाचं हॉटेल होतं, लूमवाल्यांच्या, म्हणजे यंत्रमागावरच्या कामगारांच्या, गर्दीचं. आयबरोबर पावट्याच्या नि वालाच्या ओल्या शेंगा विकायला गेले की मी तिथे उभी राहायचे. हॉटेलवाल्याशी मी म्हैस व्यायच्या आधीच दुधाचा रतीब ठरवला. त्याला गवळी पाणी घालून द्यायचा. मी म्हटलं, माझं दूध बोटावर घेऊन बघा, थेंब ओघळला तर पैसे देऊ नका. त्यानं भाव पाडायला बघितलं, मी उठून चालायला लागले, त्यानं हाक मारली. शब्द झाला. माझ्या आयुष्यातला पहिला सौदा. घरी मी फक्त आयला सांगितलं. मला दुधाचा पैसा साठवायचा होता असं नाही, तेवढी अक्कल तेव्हा नव्हती. मला घरात एक गोष्ट अशी हवी होती, जिच्याबद्दल बाला मला विचारावं लागेल.

माझी थोरली बहीण तेव्हा माहेरी आली होती. तिचं लग्न होऊन वर्ष झालं होतं. सासर भिवंडीतच. सासरा पूर्वी शेती करणारा, पण गाव सोडून लूमवर कामाला लागला होता आणि घरामागं दोन म्हशी बांधून दूध घालायचा. सुपारीच्या वेळी बानं त्याला दुभतं जनावर देईन असा शब्द दिला होता. कोणतं, कधी, हे बोलणं झालंच नाही. बा असले शब्द उधार ठेवण्यात तयार होता. वर्ष गेलं आणि संक्रांतीला ताईला माहेरी पोचवताना सासऱ्यानं सांगितलं, की न्यायला येईन तेव्हा दोघींना नेईन. म्हणजे सून आणि म्हैस. म्हैस नसेल तर सूनही इथेच बरी आहे.

ताई घरात गप्प गप्प वावरायची. वाल निवडायची, कणग्या शेणानं सारवायची. गावातल्या बायका विचारायच्या, नवरा कवा येतोय न्यायला. ती म्हणायची, शिमग्याला. मला तिची दया येत नव्हती असं नाही. पण तिच्या सासऱ्याच्या शब्दाशी आणि बाच्या शब्दाशी माझ्या म्हशीचा संबंध आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. गोठ्यात बाची स्वतःची एक म्हैस होती. म्हातारी, पण दूध देणारी. ती जाईल असं मी धरून चालले होते.

राब भाजायचे दिवस होते. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या जमिनीवर शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून जाळायच्या, म्हणजे रोप जोमानं येतं. त्यासाठी आम्ही बायका रोज डोंगराच्या पायथ्याला पातेरा गोळा करायला जायचो. त्या दिवशी निघायच्या तयारीत असतानाच ताईचा सासरा आला. रात्रपाळी करून थेट. डोळे लाल, केसांत कापसाची भुकटी. आम्ही त्याला मामा म्हणायचो. आयनं पाण्याचा तांब्या दिला, भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. जेवता जेवता तो बाला म्हणाला, आज घेऊन जातो, उद्या पुन्हा ड्युटी आहे, परत परत यायला जमायचं नाही.

मग तो गोठ्यात गेला. बा मागून. मी दारात. मामा म्हातारीकडं बघायलाही थांबला नाही. थेट माझ्या म्हशीपाशी गेला, तिच्या पाठीवर हात फिरवला, वाकून कास बघितली. बानं त्याला अडवलं नाही. म्हणजे हे आधीच ठरलेलं होतं.

मी म्हटलं, “ती माझी हाय.”

बा म्हणाला, “घरातलं सगळं घराचं हाय. तू बी घराचीच हायस.”

मामा हसला. चांगला माणूस होता तसा, मी त्याच्यावर फार राग धरलेला नाही. तो म्हणाला, “बाय, तुजी तर तुजी. तुज्या भैनीलाच देतेस नं?”

मी म्हटलं, मी देत नाही. बाला म्हटलं, तबेल्यातून आणली तेव्हा तू हिला मरायला आणलेली म्हणालास, मग आता तुझी कशी झाली? तू शब्द दिलास, तुझी म्हैस दे. माझा आवाज चढला. आय आतून, गप, गप, म्हणत राहिली. ताई सूप घेऊन ओटीवर बसली होती. तिचे हात थांबले, पण तिनं मान वर केली नाही.

बानं मला मारलं नाही. त्यानं मामाला विचारलं, दावं आणलंय ना?

मामानं दोन्ही हात पुढे केले. रिकामे. लूमवरून थेट आला होता. शेती सोडून इतकी वर्षं झाली होती, की जनावर न्यायला जायचं तर खांद्यावर दोर लागतो, हेच तो विसरला होता. म्हणाला, एवढे दोर टांगलेत, त्यातलाच एक द्या की.

बाचा चेहरा पडला. मी कधी नव्हे ती हसले. मी म्हटलं, “मामा, आमच्या गोठ्यातला दोर बाहेर न्हाय जात. बाला इचारा.”

बाला हो म्हणणं भाग होतं. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांना हेच सुनावलं होतं. मामा म्हणाला, मग शेजारून आणतो. मी म्हटलं, आणा, आख्खं गाव फिरा. तो खरंच दोन घरं फिरून आला. कोणी दिला नाही. तेवढ्यात मी सौदा मांडला. म्हटलं, तुम्ही शिमग्याला दावं घेऊन या. तोवर म्हैस व्यालेली असेल. म्हैस न्या, पण पारडी झाली तर माझी. रेडा झाला तर तुमचा. मामानं माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि बाला म्हणाला, “ही पोर घरात कशाला ठेवलीय, हिला बाजारात बसवा.” आणि हो म्हणाला. मला म्हणाला, शिमग्याला येतो.

मी टोपली आणि खराटा उचलला आणि पातेरा आणायला गेले. किती हलकी होते मी त्या चढावर. म्हैस वाचली नव्हती, पण मी काहीतरी मिळवलं होतं, आणि बाला त्याच्याच नियमानं धरलं होतं. पळस फुलला होता. पाला खराट्यानं ओढताना मी मनातल्या मनात ती पारडी कुठे बांधायची, हॉटेलवाल्याला काय सांगायचं, याचे हिशेब घातले.

उन्हं उतरताना परत आले. घामानं, धुळीनं अंग खाजत होतं. टोपली टेकवून आधी विहिरीवर गेले. पोहरा कठड्यावर पालथा पडला होता. रहाटाचं चाक मोकळं. दोर नव्हता.

मी गोठ्यात गेलेच नाही. मला तिथेच कळलं. तरी मी विहिरीत वाकून बघितलं, दोर आत पडलाय का. पाण्यात माझं तोंड दिसलं.

बानं नियम मोडला नव्हता. तो असले नियम मोडायचा नाही. त्यानं वाट काढली होती. गोठ्याचं दावं गोठ्यातच राहिलं, खुंटीला टांगलेलं. विहिरीचा दोर हा गोठ्याचा नव्हे, त्याला लक्ष्मी लागत नाही, म्हणून तो मामाला दिला. मी गेल्यावर त्यानं मामाला थांबवलं, आणखी एक भाकर वाढायला सांगितली आणि तोवर स्वतः जाऊन पोहऱ्याची गाठ सोडली. घासाघिशीत मी ज्या माणसाला हरवलं समजत होते, त्यानं मला ज्या दाराकडं मी पाहिलंच नव्हतं तिथून हरवलं. आजही कोणी माझ्यासमोर कायदा सांगायला लागलं, तर मी आधी विचार करते, की याच्या विहिरीला दोर आहे का.

आयनं मला हे सगळं सांगितलं. चुलीकडं तोंड करून. मी विचारलं, ती गेली कशी, ती कोणाबरोबर चालत नाही. आयनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, “न्हाय चालली. मामानं ओढली, बानं मागनं लोटली, चार पाय रोवून उभी. मग ताईनं दोर हातात घेतला नि पुढं जाऊन तुज्यासारखी हाक मारली.”

“माज्यासारखी?”

“ह्यॉ, ह्यॉ. दोनदा.”

मी जेवले नाही. बा आला तेव्हा ओटीवर त्याच्यासमोर उभी राहिले आणि तोंडात येईल ते बोलले. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मोठी भैन दारात बसली आस्ती तर तुला कोन नेनार व्हता?” त्याला वाटलं होतं, हे माझ्या भल्यासाठीच आहे. मी म्हटलं, मला विचारलं का नाहीस? तो म्हणाला, विचारलं असतं तर तू दिली असतीस? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग?

या ‘मग’ला माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं. आजही नाही. म्हणूनच माझा राग गेलेला नाही. उत्तर असतं तर ते तोंडावर फेकून मोकळी झाले असते.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर पाणी काढायला दोर नव्हता. बानं दोन कासरे जोडून गाठ मारली. ती गाठ चाकात अडकायची आणि आय प्रत्येक पोहऱ्याला ती बोटांनी पुढे सरकवायची. नवा दोर वळायचा तर वाख शिल्लक नव्हता, आणि विकत आणणं तर प्रश्नच नव्हता. पाणी बायकांनी काढायचं, म्हणून बाला घाई नव्हती.

मला धामणकर नाक्यावर जाणं भाग होतं. हॉटेलवाल्याला सांगायचं होतं. शेंगांची टोपली घेऊन गेले. त्यानं विचारलं, म्हैस व्याली का? मी म्हटलं, दूध देऊ शकत नाही. तो गल्ल्यावरच्या पोऱ्यांकडं बघत म्हणाला, “देखा, मैंने बोला था न, लड़की की बात का क्या भरोसा.” मी तोंडातून शब्द काढला नाही. असं माझ्या आयुष्यात फार थोड्या वेळा झालंय. शब्द मी दिला होता, तो बानं खोटा केला आणि नाव माझं गेलं.

हॉटेलच्या मागच्या गल्लीत लूमचा कारखाना होता. खडखडाटानं जमीन हलायची. दाराशी सुताचे गुंते ढिगानं पडलेले. तुटके धागे, काठाची कातरणं, तेल पुसलेले बोळे. त्याला ते वेस्ट म्हणायचे. मी तिथे पाय मोकळे करायला बसले, कारण मला घरी जायचं नव्हतं. बसल्या बसल्या हातानं एक गुंता सोडवला, मांडीवर पीळ दिला, दुमडला, परत पीळ दिला. सूत होतं ते, पण पीळ धरत होतं. मी जोर लावून ओढलं. तुटलं नाही.

दाराशी बिडी ओढत बसलेल्या मुकादमाला मी म्हटलं, हे मला द्या. तो म्हणाला, “इसका क्या करेगी?” मी म्हटलं, रस्सी. तो म्हणाला, टूट जाएगी. टोपलीत उरलेल्या शेंगा मी त्याच्यापुढं ओतल्या आणि टोपली सुतानं भरली. त्यानं शेंगांकडं बघितलं, सुताकडं बघितलं. मी म्हटलं, तेलकट बोळे नकोत, ते बाजूला काढा. तो हसून उठला आणि बाजूला काढले.

तो दोर मी एकटीनं वळला. ताण धरायला कोणाला बोलावलं नाही. एक टोक पेरूच्या झाडाला बांधलं. बाच्या दोरासारखा तो गच्च नव्हता, रंगही चार प्रकारचे, मधेच निळा, मधेच पिवळा. पण विहिरीला पुरला. आयनं पहिला पोहरा ओढला आणि थांबली. मग दोन्ही तळहातांनी दोर चाचपून बघितला. अंबाडीचा दोर हाताला कापतो, हा कापत नव्हता. तिनं गरज नसताना आणखी एक पोहरा ओढला.

संध्याकाळी बा आला. दोर त्यानं ओढून बघितला, पीळ तपासला. चेहऱ्यावर नापसंती नव्हती. म्हणाला, “बरा वळलायस. आता बैलांनाबी दोन वळ.”

म्हणजे हाही घराचाच झाला. मी पुढे झाले, पोहऱ्याची गाठ सोडली, दोर गुंडाळला आणि टोपलीत टाकला. म्हटलं, “ह्यो इकायचा हाय, बा.”

“घरात इकनार?”

“तुला पाहिजे तर घरात.”

तो विहिरीपाशी रिकामा पोहरा हातात घेऊन उभा होता. आय तिथेच उभी. मी म्हटलं, मला पैसा नको. म्हशीची जागा रिकामी आहे, ती मला हवी. तिथे मी दोर वळणार. खुंटा तिथला माझा. त्या खुंट्याला घरातलं दुसरं जनावर बांधायचं नाही, आणि तिथे जे वळीन ते विचारल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. बा म्हणाला, बापाकडं मोल मागतेस का? मी म्हटलं, दोर देतेय मी, घेतोयस तू. त्यानं आयकडं बघितलं. ती दुसरीकडं बघत होती, पण जागची हलली नाही. तिची सगळी मदत तेवढीच होती आणि ती पुरली.

बा म्हणाला, घे.

आयुष्यात त्यानं माझ्याकडून विकत घेतलेली ती एकच गोष्ट. मी दोर परत बांधला.

शिमग्याच्या सुमारास ताईकडून खरवस आला. म्हैस व्याली होती, पारडी झाली होती. पहिल्या दुधाचा खरवस माहेरी पाठवायची रीतच आहे, तिनं पाठवला. केळीच्या पानात, गुळाचा, वर वेलची. मामा स्वतः घेऊन आला होता. पारडीचं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, ते शिमग्याला न्यायचं ठरलं होतं, आपण तर आधीच नेली, मग तो सौदा कुठं राहिला. बाकडूनच शिकला होता. खरवस घरात सगळ्यांनी खाल्ला. बानं दोनदा घेतला. मी त्या वेळी गोठ्यात, तिच्या खुंट्याला टोक बांधून, पीळ देत मागे सरकत होते.

ताई नांदली. चार मुलं झाली, घर बांधलं, त्या म्हशीच्या वंशाच्या अजून तिच्याकडं आहेत म्हणतात. त्या खुंट्यापासून मी गावच्या बायका हाताशी धरल्या, मग लूमचं वेस्ट गाडीनं उचलायला लागले, मग सुतळी, बारदान, ट्रकवर माल बांधायचे जाड दोर. आज वडप्याच्या गोदामांना दोर माझ्या दुकानातून जातो. मला कोणी सहज हरवत नाही. बा गेला तेव्हा मी सगळं केलं, रडलेही. पण त्याच्याशी माझा म्हशीचा सौदा अर्धा राहिला तो राहिलाच.

गेल्या वर्षी, असेच माघाचे दिवस, ताई माझ्या दुकानात आली. स्वतः. म्हातारी झालीय. म्हणाली, एक दोर दे, म्हशीला बांधायला, मऊसर. नोकर गडबडीनं उठला, मी त्याला बसवलं. मी स्वतः उठून दोर काढला, मापला, कापला आणि पूर्ण भाव सांगितला. नोकर माझ्याकडं बघायला लागला. ताईनं पदराची गाठ सोडली आणि पैसे काढून ठेवले. पायरी उतरताना तिनं दोर हातावर गुंडाळला, अगदी जनावर पुढे असल्यासारखा.

तिनं नुसतं एवढं म्हटलं असतं, की कमी कर, सख्ख्या बहिणीला असा भाव लावतेस का, तर मी तो दोर तिला फुकट दिला असता. वर आणखी दोन दिले असते. पण ती मागत नाही. तिला मागायची वेळच आली नाही कधी.